दहावं नाव

“नऊ झाली, मामा,” नेकेसा म्हणाली. “एक कमी पडतंय.”

ती ओट्याशी मक्याचं पीठ चाळत होती आणि चाळणीकडे बघूनच बोलत होती. मी गवार मोडत बसले होते. खाली फरशीवर माझी निशू आणि तिचा सिमियू मधे परात घेऊन बसले होते. नेकेसाने परातीत मका आणि राजमा एकत्र करून दिला होता आणि दोघं ते निवडत होती, मका एकीकडे, राजमा एकीकडे. निशू आठ वर्षांची, सिमियू सात. निशूला बोलणं फारसं यायचं नाही, सिमियूला चालणं. निवडता निवडता सिमियूच्या तोंडातून लाळ गळायची आणि निशू आपल्या फ्रॉकच्या टोकाने ती पुसायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. नेकेसाने चाळणी खाली ठेवली.

“दहावं नाव निशूचं घालू का?”

ही गोष्ट ब्याण्णव सालची. आम्ही तेव्हा केनियात होतो, पश्चिमेकडे, एका साखर कारखान्याच्या कॉलनीत. आमचे हे तिथे केमिस्ट होते. आपल्याकडचे साखरेतले लोक तेव्हा तिकडे बरेच जायचे. कॉलनीत सात मराठी घरं होती, कुणी कराडकडचं, कुणी वाळव्याचं, कुणी शिरोळचं. आम्ही खानापूर तालुक्यातले. आमच्या घरचं, गावचं त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते मला फार सोयीचं पडलं.

नेकेसा मला मामा का म्हणायची तेही सांगते, नाहीतर आपल्याकडच्या माणसाला हसू यायचं. तिकडे बाईला आदराने मामा म्हणतात, म्हणजे आई, आणि पुढे तिच्या मुलाचं नाव जोडतात. नेकेसाला दोन मुलगे. थोरला धडधाकट, शाळेत पहिला येणारा. सासरच्यांचं म्हणणं, थोरल्याच्या नावाने हाक मारून घे. पण कुणी तशी हाक मारली तर ही बया वळायचीच नाही. मामा सिमियू म्हटलं की वळायची. माझ्याकडे कामाला आली त्या पहिल्याच दिवशी तिने मला मामा निशू म्हटलं. मी तिथल्या तिथे सांगितलं, मामा रोहिणी म्हणायचं. रोहिणी माझी थोरली, चौदा वर्षांची, किसुमूला होस्टेलवर शिकत होती. नेकेसाने एकदा निशूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हापासून ती मला नुसतं मामा म्हणायला लागली.

तिचं प्रकरण असं होतं. कॉलनीच्या कुंपणापलीकडे गाव होतं आणि गावात प्राथमिक शाळा. त्या शाळेत सिमियूसारख्या मुलांसाठी एक वेगळा वर्ग काढायला आणि एक शिकलेली बाई द्यायला सरकार तयार होतं. अट एकच, दहा मुलं पाहिजेत, आणि प्रत्येकाच्या आईने, बापाने नाहीतर सांभाळणाऱ्या माणसाने स्वतः येऊन साहेबासमोर सही करायची. दहा नाही भरली तर ती बाई दुसऱ्या गावाला जाणार. दहा मुलं म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण ती मुलं कुणाला दिसतच नव्हती. मागच्या झोपडीत, धान्याच्या खोलीत, पाहुणा आला की दार ओढून घेतलेली. गावात म्हणायचे, आईने काहीतरी पाप केलं असणार, नाहीतर कुणाचा तरी शाप लागला असणार. प्रार्थनेच्या वेळी नेकेसा बाकावर बसली की शेजारच्या बायका सरकून बसायच्या. आणि ही रोज संध्याकाळी माझ्याकडचं काम आटोपून, सिमियूला पाठीला बांधून, घराघरांतून विचारत फिरायची. तुमच्याकडे एक मूल आहे ना? मला बघू द्या. हे बघा, माझंही आहे. चार महिन्यांत तिने नऊ मुलं बाहेर काढली.

आम्ही मराठी बायका हळदीकुंकवाला जमलो की या गोष्टी निघायच्याच. काय बाई हे लोक, शाप काय, पाप काय, पोटच्या पोराला कोंडून काय ठेवतात. सगळ्यांत तावातावाने मी बोलायचे. आता आठवलं की कानशिलं तापतात.

कारण माझं काय होतं? आम्ही कॉलनीत पोचलो त्याच संध्याकाळी निंबाळकर वहिनी भेटायला आल्या. जनरल मॅनेजरच्या बायको. बाई मनाने चांगल्या होत्या, थर्मासमधून चहा आणि डब्यातून थालीपीठं घेऊन आल्या होत्या. रोहिणीला जवळ घेतलं, अभ्यासाचं विचारलं. मग त्यांची नजर निशूकडे गेली. निशू खोक्यातून भांडी काढून जमिनीवर ओळीने मांडत होती आणि स्वतःशीच घुमल्यासारखा आवाज करत होती. ही कोण, म्हणून वहिनींनी विचारलं. मी काही ठरवून आले नव्हते, देवाशपथ सांगते. पण रोहिणीकडे बघितलं, उद्या हिचं लग्न व्हायचंय हे मनात आलं, आणि तोंडून निघून गेलं की ही धाकट्या जावेची. नागपूरला असतात. जाऊबाईंना दिवस गेलेत, तब्येत नाजूक आहे, म्हणून थोडे दिवस आणलीय.

माझ्या जावेला लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं. तिच्या पदरात मी एका वाक्यात दोन मुलं टाकली. हे पाणी पीत होते. त्यांनी पेला तसाच खाली ठेवला आणि खोकी बघायच्या निमित्ताने बाहेर निघून गेले. रात्री मला एवढंच म्हणाले, तू सुरू केलंस, आता तूच बघ. पुढे कॉलनीतलं कुणी घरी आलं की हे फॅक्टरीत जायचे. त्या थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली होती.

तर त्या दिवशी ओट्याशी नेकेसाने विचारलं आणि मी गवार मोडत राहिले. मग तिने सांगितलं की सासूने मुदत दिलीय. यंदा शाळा मिळाली नाही तर सिमियूला सरोवराकडच्या एका नातलगाकडे पाठवायचं. नवराही हो म्हणालाय. त्या नातलगाकडे अशी अजून दोन मुलं आहेत, दिवसभर दाराला बाहेरून कडी असते. तिने एकदा जाऊन बघितलं होतं. काय बघितलं ते तिने सांगितलं नाही. परातीतला मका सिमियूने तोंडात घातला होता, तो तिने बोट घालून काढला आणि परत माझ्याकडे बघत उभी राहिली.

“घाल,” मी म्हणाले. “निशूचं नाव घाल. मी येते सही करायला.”

मला उमाळा आला होता हे खरं. पण शेंगा मोडता मोडता मी हेही मनात धरलं होतं की गावातल्या त्या शाळेकडे कॉलनीतलं कुणी चुकूनही फिरकत नाही. दोन्ही खरं होतं. नेकेसाने माझे दोन्ही हात धरले, गवारीच्या शिरांसकट, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे चहा पीत होते. कधी नव्हे ते चेहरा उजळला.

“निशूची आई म्हणून जाणार आहेस ना?”

हो म्हटलं. मग ह्यांनी विचारलं, मीही रजा काढू का. मी नको म्हणाले. दोघं गेलो तर उगीच कुणाच्या डोळ्यांवर येईल, असं मी म्हणाले. ह्यांनी कप उचलला आणि आत नेऊन ठेवला.

गुरुवारी सकाळी मी निशूला न्हाऊ घातलं. दोन वेण्या घातल्या, रोहिणीचा लहान झालेला निळा फ्रॉक घातला. तिला वाटलं देवळात जायचंय, ती सारखी हात जोडत होती. मीही चांगली साडी नेसले. रस्त्याने जाताना मनाशी घोकत होते. मी निशूची आई. स्वाहिलीतलं हे वाक्य मला येत होतं, सोपं आहे. उसाच्या मधल्या वाटेने गेलो, तिथे कुणी भेटत नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटत होतं. आज एकदाचं म्हणून टाकायचं, निदान या लोकांसमोर तरी, असं वाटत होतं.

शाळेच्या अंगणात आंब्याखाली टेबल मांडलं होतं. शिक्षण खात्याचे बरासा साहेब, जाडजूड, घामाघूम, पण बोलायला मऊ. समोर गवतावर ती नऊ मुलं आणि त्यांची माणसं. एका आजीने नातीला हातगाड्यात घालून आणलं होतं, विटा वाहायच्या एका चाकाच्या गाड्यात, खाली उशी घालून. एक सहा वर्षांचा मुलगा अजून पाठीला बांधलेला. एक बाप कुंपणाच्या बाहेरच उभा होता, मूल कडेवर, आत यावं की नाही हे ठरत नव्हतं त्याचं. नेकेसाची सासूही आली होती. ती लांब, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती, हे सगळं मोडायची वाट बघत. नेकेसा सिमियूला मांडीवर घेऊन सगळ्यांत पुढे बसली होती. मला बघून तिने शेजारची जागा हाताने साफ केली.

नावं पुकारायला सुरुवात झाली. नेकेसाने साहेबाला आधीच सांगून ठेवलं होतं की नुसत्या सह्या नकोत, प्रत्येकाने उभं राहून मोठ्याने सांगायचं. पहिली तीच उठली. सिमियूला दोन्ही काखांत धरून उभं केलं आणि म्हणाली, “मी सिमियूची आई.” मग ती हातगाड्यावाली आजी. मग एकेक. कुणी रडलं, कुणाचा आवाजच फुटेना. कुंपणाबाहेरचा बापही शेवटी आत आला, त्याने नाव इतक्या जोरात सांगितलं की शाळेतली पोरं खिडक्यांतून बघायला लागली. निशूचा हात मी घट्ट धरला होता. नऊ झाली. बरासा साहेबांनी पान उलटलं.

तेवढ्यात कारखान्याची जीप आली.

मागे ट्रेलरमध्ये बाकं होती. या वर्गाला कारखान्याने बाकं द्यायची ठरवली होती आणि ती द्यायला मॅनेजर साहेबांच्या बायको आल्या होत्या. मला कसं माहीत असणार? ह्यांनाही माहीत नव्हतं. निंबाळकर वहिनी उतरल्या, पदर सावरला, सगळ्यांना हसून नमस्कार केला आणि मग त्यांना मी दिसले.

“अहो शिंगटे वहिनी, तुम्ही इथं?” त्यांनी मराठीत विचारलं. मग निशूकडे बघून त्यांनीच उत्तर शोधलं. नेकेसाने आणलं होय तुम्हाला, बरं केलंत, हिलाही जरा चार पोरांत बसायला मिळालं. आणि त्या साहेबांनी दिलेल्या खुर्चीवर, माझ्या बरोबर समोर बसल्या.

बरासा साहेबांनी माझ्याकडे पेन केलं. “ही मुलगी कुणाची?”

वाक्य घोकलेलं होतं, जिभेवर होतं. मी उभी राहिले तोवर वहिनी इंग्रजीतून बोलून गेल्या, ही यांची पुतणी, पाहुणी म्हणून आलीय. साहेब गोंधळले. त्यांच्या कागदावर वेगळंच लिहिलं होतं. मग ते वाकले, निशूच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला अगदी मायेने स्वाहिलीत विचारलं, ही तुझी कोण गं?

निशूने वहिनींकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पाठ ताठ केली.

“काकू,” ती म्हणाली. स्पष्ट, एक अक्षरही न अडखळता. आणि तिने माझ्यापुढे तळहात पसरला.

तो हात कशासाठी पसरलाय ते तिथे मला एकटीलाच कळलं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला शिकवून फारसं काही येणार नाही. मी शिकवलं होतं. सात महिने लागले मला. घरात ती मला आईच म्हणायची, पहिला शब्द तोच आला होता तिला, साडेतीन वर्षांची झाल्यावर. पण कॉलनीतल्या बायकांसमोर म्हणाली असती तर? म्हणून मी रोज दुपारी दार बंद करून तिला बसवायची. बाहेरचं कुणी आलं की काय म्हणायचं? काकू. बरोबर म्हणाली की तळहातावर साखरेचा खडा. चुकून आई म्हणाली की खडा नाही, आणि मी तोंड फिरवून बसायची. ती माझा पदर ओढायची, रडायची, मी वळायची नाही. हळूहळू तिला समजलं. इतकं पक्कं समजलं की दाराची कडी वाजली तरी ती ताठ उभी राहायची. रोहिणीला ताई म्हणायची ते बदलावं लागलं नाही, चुलत बहिणीलाही ताईच म्हणतात. रोहिणी एकदा सुट्टीत आली तेव्हा तिने हे बघितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं.

निशूचा हात पसरलेला होता आणि माझ्याकडे खडा नव्हता.

त्याच क्षणी बोलता आलं असतं. मी आई आहे हिची, हे मीच शिकवलंय तिला. पण ते म्हणायचं तर शिकवलंय हेही म्हणावं लागलं असतं, वहिनींच्या तोंडावर, दोन वर्षांच्या चहा-थालीपिठानंतर. वहिनी कौतुकाने हसल्या, किती लळा लागलाय काकूचा म्हणाल्या, आणि साहेबांना समजावून सांगितलं की काकू म्हणजे बापाच्या भावाची बायको.

साहेबांना आशा वाटली. काकू तर काकू. ही तुमच्याकडे राहते ना, मग सांभाळणारी म्हणून तुम्हीच सही करा, चालेल, असं ते मला म्हणाले. पेन माझ्यापुढे धरलं. मी हात पुढेही केला होता. तेवढ्यात वहिनी हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, सही-बिही करू नका हं. उद्या हिच्या आईबापांनी विचारलं, आमच्या मुलीला असल्या वर्गात घातलीच कशी, तर काय सांगाल? दुसऱ्याच्या लेकराची जोखीम असते.

अगदी बरोबर बोलत होत्या त्या. कुठल्याही काकूने केली नसती ती सही.

“मला नाही करता येणार,” मी साहेबांना म्हणाले. “हिचे आईवडील भारतात आहेत.”

बरासा साहेबांनी पेनाला टोपण लावलं. नऊच होतात, मला वाईट वाटतं, असं काहीतरी ते नेकेसाकडे बघून म्हणाले. गवतावरची माणसं एकमेकांना विचारायला लागली. हातगाड्यावाल्या आजीला काय झालं ते ऐकूच गेलं नव्हतं, ती हसत बसली होती. भिंतीला टेकलेली सासू सरळ उभी राहिली, कमरेच्या कापडाची गाठ नीट केली आणि सिमियूला न्यायला पुढे यायला लागली.

नेकेसा माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. दोन वर्षं माझ्या घरात तिने निशूला मला आई म्हणताना रोज ऐकलं होतं, तो शब्द तिलाही येत होता. दाराआडचे साखरेचे खडेही तिने बघितले होते. एक वाक्य ती बोलली असती तर तिचा वर्ग झाला असता आणि मी संपले असते. तिने बोलू नये म्हणून मी देवाला विनवत होते, आणि तिने बोलून टाकावं असंही वाटत होतं.

ती उठली. सिमियूला त्या आजीपाशी ठेवलं. टेबलाजवळ आली आणि निशूचा पसरलेला हात तिने आपल्या हातात घेतला.

“हिला माझ्या नावावर लिहा,” ती म्हणाली.

साहेब म्हणाले, पण ही तुझी नाही.

“मग कुणाची आहे, साहेब? या बाई म्हणतात, त्यांची नाही. आई भारतात आहे म्हणतात. दोन वर्षांत मी तिला बघितलेली नाही. हिला जेवायला मी घालते. ताप आला की हिच्यापाशी मी बसते. बटणं लावायला मी शिकवलं. तुमच्या कागदावर आई किंवा सांभाळणारी असं आहे ना? लिहा. नेकेसा.”

कॉलनीतल्या साहेबांच्या घरातली गोरटेली मुलगी आणि ही मोलकरीण. साहेबांनी रुमालाने मान पुसली. मग मला विचारलं, तुमची काही हरकत आहे का? वहिनींनीही माझ्याकडे बघितलं, त्यांना बहुतेक हे चांगलंच वाटलं, आपल्यावर काही येत नाही आणि कामही होतंय.

“हरकत नाही,” मी म्हणाले.

मग घरच्या कुणाची तरी साक्षीदार म्हणून सही लागेल, असं साहेब म्हणाले. ती केली मी. सहीपुढे मुलीशी नातं लिहायची जागा होती. तिथे मी काकू असं इंग्रजीत लिहिलं. हात थरथरला वगैरे काही नाही, अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. कागद पुरा झाल्यावर बाकीच्यांसारखं नेकेसालाही मोठ्याने सांगावं लागणार होतं. तिने निशूला आपल्यापुढे उभं केलं, दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

“मी निशूची आई,” ती म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनीही वाजवल्या. सासू अर्ध्या अंगणात थांबली होती, ती परत भिंतीकडे गेली.

वर्ग उघडला. सिमियू आईपाशीच राहिला, वर्गात जायला लागला, पुढे कुबड्यांवर चालायलाही लागला. निशू तीन वर्षं त्या वर्गात गेली. आज ती जे काही करते, ताटं पुसते, आपलं नाव लिहिते, वीसपर्यंत मोजते, ते सगळं तिथलं. नेकेसा माझ्याकडे कामाला येत राहिली. त्या दिवसाबद्दल ती एकदाही बोलली नाही, आणि मी तिची माफी मागितली नाही. मागायची तर कुठल्या तोंडाने मागणार होते? हजेरीच्या वहीत निशूच्या आईचं नाव तिन्ही वर्षं नेकेसा होतं. ह्यांना मी सांगितलं होतं की सही झाली. कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही, आणि ते देवाघरी जाईपर्यंत मी सांगितलं नाही.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलंय, ते सांगून टाकते.

कार्यक्रम संपल्यावर वहिनी म्हणाल्या, चला, जीपमध्ये बसा. निशूला मी बोलावलं, तर ती नेकेसाचा हात सोडेना. मग नेकेसा दोन्ही पोरांना घेऊन पायी निघाली, सिमियू पाठीवर आणि निशू हाताला. वहिनी पुढे ड्रायव्हरजवळ बसल्या, मी मागे. वहिनींना भरून आल्यासारखं झालं होतं. म्हणाल्या, धन्य आहे हो तुमची. जावेच्या मुलीचं कोण करतं एवढं? अगदी पोटच्यासारखं करता.

“करावं लागतं, वहिनी,” मी म्हणाले. “आपलंच रक्त आहे शेवटी.”

उसाच्या रस्त्याला आम्ही त्यांना गाठलं. नेकेसा पोरांना घेऊन कडेला सरकली, धुळीत डोळे मिटून उभी राहिली. जीपवर छत होतं, मागच्या बाजूने मी एकटीच दिसत असणार. निशूने मला बघितलं. आजूबाजूला घर नव्हतं, दार नव्हतं, पाहुणं कुणी नव्हतं. तिच्या हिशेबाने आता चालत असणार.

“आई,” ती ओरडली. हात हलवत, पळत, जीपच्या मागे. “आई, आई.”

वहिनींनी मान वळवून मागे बघितलं. कुणाला हाक मारतेय ही, म्हणून विचारलं.

“नेकेसाला,” मी म्हणाले. “तिला काही कळत नाही हो.”